पर्यावरणपूरक रिमॉडेलिंग: आधी काय, नंतर काय आणि लोक नेमकं कुठे चुकतात

बहुतेक लोक हे काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी छतावर सोलर बसवतात, मग नवा एसी घेतात, मग कधीतरी लक्षात येतं की छत भट्टीसारखं तापतंय, खिडक्यांच्या फटींतून गार हवा बाहेर चाललीय आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर बसवलेलं सोलर आता काढायला लागणार. घेतलेल्या वस्तू सगळ्या चांगल्याच असतात हो, पण क्रम उलटा पडला की तेच काम दोनदा करावं लागतं आणि घरातून निघालेल्या राडारोड्याचा ढीग पण दोनदा.

क्रम असा लावायचा: मोजमाप, मग काय ठेवायचं त्याचा निर्णय, मग ओल, मग फटी, छत, खिडक्या, मग हवा, मग भिंतीतले पाइप आणि वायरी, मग मशीनं, रंगकाम आणि सोलर सगळ्यात शेवटी. खाली सगळं सविस्तर लिहिलंय. एखादा टप्पा तुमच्या घराला लागूच नसेल तर सोडा, पण क्रम मात्र बदलू नका.

## १. हातोडा उचलण्याआधी मोजमाप

मागच्या १२ महिन्यांची वीज, पाणी आणि गॅसची बिलं काढा आणि महिन्यावार लिहून ठेवा. एका महिन्याच्या बिलावरून काही कळत नाही, कारण उन्हाळा आणि हिवाळा यांचा खर्च वेगळाच असतो. कुठल्या महिन्यात आकडा उसळतो ते बघितलं की खर्च गार करण्यात जातोय की गरम करण्यात ते समजतं, आणि जर वर्षभर आकडा सारखाच जास्त असेल तर मग गीझर, फ्रीज, पंप असं काहीतरी सतत चालणारं आहे असं समजा.

मग रात्रीची टेस्ट करा. झोपताना वीज मीटरचा आकडा लिहा, सकाळी उठल्या उठल्या परत लिहा, दोन्हीतला फरक झोपेच्या तासांनी भागा. पंखा-एसी सोडून जे उरतं ते घराचं मूळ ओझं. १०० वॅटचं काहीतरी २४ तास चालू राहिलं तर वर्षाला ८७६ युनिट जातात, आणि सेट टॉप बॉक्स, राउटर, जुना फ्रीज, स्टँडबायवरचा टीव्ही असं मिळून १०० वॅट सहज होतात. हे कमी करायला रिमॉडेलिंग लागतच नाही, नुसती स्विच असलेली पट्टी लागते.

पाण्यासाठी: सगळे नळ बंद करा, मीटर वाचा, दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही, परत वाचा. आकडा हलला म्हणजे कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि १५-२० मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ वर्षाला १०,००० लिटरच्या वर पाणी घालवतो, त्यामुळे "टपकतोय थोडासा" म्हणून सोडून देऊ नका.

आता फटी. जोराचा वारा असलेल्या दिवशी खिडक्या-दारं घट्ट लावा, पंखे बंद करा, घरातले सगळे एक्झॉस्ट चालू करा आणि एक पेटती उदबत्ती घेऊन चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात तो आडवा होतो, थरथरतो किंवा एकदम आत ढकलला जातो, तिथे पेन्सिलने खूण करा. खिडकीच्या चौकटीपेक्षा जास्त फटी सापडतात त्या एसीच्या पाइपाच्या भोकापाशी, स्विच बोर्डच्या मागे, दाराच्या खाली आणि छत-भिंतीच्या सांध्यात. पडदे उदबत्तीपासून लांब ठेवा एवढं बघा, आणि घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा शेगडी असेल तर ही टेस्ट चालू असताना ते बंदच ठेवायचं.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एक कागद हवा, त्यावर घराचा साधा नकाशा, फटींच्या खुणा, ओल आलेल्या जागा आणि कुठल्या खोलीत कधी ऊन येतं ते. हा कागद नसेल तर कंत्राटदाराला बोलवायची घाई करू नका, नाहीतर तो त्याच्याकडे जे आहे तेच विकणार.

## २. काय ठेवायचं ते आधी ठरवा

इथे माझं मत जरा ठाम आहे. जे तोडलंच नाही तेच सगळ्यात पर्यावरणपूरक. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचाच असतो, म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी तो वायू निघणारच. तेव्हा चांगली असलेली भिंत पाडून "इको" ब्लॉकची नवीन भिंत बांधणं हा उलटा व्यवहार आहे.

खोलीखोलीतून फिरा आणि प्रत्येक गोष्टीला तीनपैकी एक खूण करा: राहणार, दुरुस्त होणार, जाणार. किचनचे जुने कपाट-सांगाडे बरे असतील तर नुसत्या झडपा बदलता येतात. लाकडी दारं घासून परत रंगवता येतात. फरशी मजबूत असेल तर पॉलिश पुरतं. "जाणार" गटातल्या वस्तूंचे पण दोन भाग करा, कुणाच्या तरी उपयोगाला येतील अशा आणि खरोखर टाकायच्या. उपयोगाच्या वस्तू हाताने सोडवून काढायच्या, हातोड्याने नाही, आणि हे कंत्राटात लिहून घ्यायचं, कारण मजुराला तोडायला दहा मिनिटं लागतात आणि सोडवायला तास लागतो, सांगितलं नाही तर तो तोडणारच.

राडारोड्यासाठी पहिल्याच दिवशी वेगवेगळे ढीग ठरवा: विटा-काँक्रीट, लाकूड, धातू, काच, बाकीचं. एकदा सगळं एकत्र झालं की मग कुणी वेगळं करत नाही. विटा-काँक्रीटचे तुकडे भरावात जातात, धातू भंगारात जातो.

सावधान: घर जुनं असेल तर सिमेंटचे नालीदार पत्रे, जुन्या पाइपांवरचं गुंडाळलेलं आवरण, जुन्या विनाइल टाइल्स आणि त्यांचा काळा गोंद यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं. हे कापायचं नाही, ड्रिल करायचं नाही, कोरडं घासायचं नाही. आधी नमुना लॅबला पाठवा आणि असल्याचं निघालं तर ते काढायला प्रशिक्षित माणसंच बोलवा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

## ३. ओल आणि गळती

हा टप्पा टाळून इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) किंवा रंगाकडे पळणारे लोक दोन वर्षांत परत तिथेच येतात. ओल्या भिंतीवर काहीही चढवलं तरी ते पोपडे धरून खाली येतं आणि मागे बुरशी वाढत राहते.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. खालून वर चढणारी ओल जमिनीपासून साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत पट्ट्यासारखी दिसते आणि वर पांढरे क्षार दिसतात. पाइप गळत असेल तर एकाच जागी डाग वाढत जातो, पाऊस असो नसो. पावसाची ओल पावसानंतर येते. आणि चौथा प्रकार म्हणजे घरातल्याच वाफेचं पाणी, जे थंड भिंतीवर, कपाटाच्या मागे किंवा कोपऱ्यात बसतं, आणि यालाच लोक गळती समजून बाहेरून वॉटरप्रूफिंग करत बसतात.

शंका असेल तर साधी टेस्ट: साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटर जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान एक रात्र ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती घरातली वाफ आहे, तिथे उपाय हवा खेळती ठेवण्याचा.

दुरुस्तीचा क्रम वरून खाली: गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग, पन्हळी आणि पाण्याचे पाइप, छज्ज्याच्या वरचे सांधे, खिडकीच्या खालची धार, मग भिंतीच्या भेगा आणि शेवटी घराभोवतीच्या जमिनीचा उतार. जमीन घराकडे उतरत असेल तर आतून काहीही करा, पाणी येणारच.

तपासा: गच्चीचं काम झालं की पाणी जाण्याची भोकं बंद करून, गच्चीला भार पेलतोय याची खात्री करून, दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास साठवून ठेवा आणि खालून छत बघा. भिंती पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाळायला आठवडे लागतात, आणि कंत्राटदार "झालं हो साहेब" म्हणाला तरी वरची प्लास्टिक टेस्ट परत करा.

जुनी चुन्याची किंवा मातीची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट लावू नका. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते, तिचं तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते. चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग.

## ४. फटी बुजवणे

सगळ्यात स्वस्त टप्पा, आणि सगळ्यात कंटाळवाणा म्हणून सगळे टाळतात. पेन्सिलच्या खुणा काढा आणि एकेक घ्या. न हलणाऱ्या सांध्यांत सीलंट, उघड-मीट होणाऱ्या झडपांना रबराची पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, पाइपांच्या मोठ्या भोकांत फोम. ज्या खिडक्या पुढे बदलायच्याच आहेत त्यांच्यावर वेळ घालवू नका. सीलंट लावायच्या आधी जागा घासून, पुसून, वाळवून घ्या, धुळीवर लावलेलं सीलंट सहा महिन्यांत सालासारखं सुटतं. मग परत उदबत्ती.

## ५. छत आणि भिंती

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात नेहमी छतापासून. उन्हाळ्यात सूर्य वर असतो, त्यामुळे आडव्या छतावर दिवसभर ऊन पडतं, आणि हिवाळ्यात गरम हवा वर जाऊन छतातूनच बाहेर पडते. म्हणजे हवामान कुठलंही असो, पहिला नंबर छताचाच. अपार्टमेंटमध्ये मधल्या मजल्यावर राहत असाल तर तुमच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर आहे, तुम्ही थेट खिडक्यांवर जा.

गरम हवामानात पहिला उपाय म्हणजे छताला पांढरा परावर्तक थर. गडद छत ऊन पितं आणि रात्रभर आत सोडत राहतं, पांढरं छत बरंचसं ऊन परत पाठवतं. फक्त हे पांढरेपण धुळीने कमी होत जातं, वर्षातून एकदा तरी छत धुवायला लागतं, आणि हे कुणी सांगत नाही. थंडी जास्त असलेल्या ठिकाणी हा थर हिवाळ्यात उलटा नडतो, तिथे थेट इन्सुलेशनच बरं.

इन्सुलेशनबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ५ सेंटिमीटर थर्मोकोलचा चांगला घट्ट बोर्ड जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला विटांची भिंत साधारण एक मीटर जाड लागेल. म्हणून भिंत जाड करून गारवा आणायच्या भानगडीत पडू नका. मिनरल वूल (दगड किंवा काच वितळवून केलेली लोकर) आणि थर्मोकोल हे अडवण्यात जवळपास सारखेच आहेत, पॉलियुरेथेन फोम त्यांच्यापेक्षा पातळ थरात तेच काम करतो पण पेट्रोलियमपासून बनतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. मिनरल वूल पेटत नाही, आवाज पण अडवतं, पण ओलं झालं किंवा दाबून बसवलं की निकामी. सेल्युलोज, म्हणजे जुन्या कागदाचा भुगा, हा सुद्धा कोरड्या जागी चांगला पर्याय आहे.

आतून की बाहेरून? जाड दगड-विटांची भिंत असेल आणि जमत असेल तर बाहेरून. भिंत आत राहते, दिवसा-रात्रीचा चढ-उतार ती सांभाळते, आणि स्लॅबच्या कडा-बीम यांच्यावरूनही थर सलग जातो. आतून लावलं तर जागा जाते, आणि बीम जिथे भिंतीला भिडतो तिथे उष्णतेला मोकळी वाट राहते. त्याच जागी मग पाणी धरतं आणि काळी बुरशी येते. पण अपार्टमेंटमध्ये बाहेरून लावायची परवानगी मिळत नाही, तेव्हा आतून करताना कडा, कोपरे आणि खिडकीच्या बाजूंचे गाल सोडायचे नाहीत.

आता वाफ अडवणारी शीट. यावर भांडणं होतात साइटवर. नियम एवढाच की शीट नेहमी उबदार, दमट बाजूला. थंड प्रदेशात घराची आतली बाजू उबदार असते म्हणून शीट आतल्या बाजूला. गरम, दमट हवेत एसी चालतो तेव्हा बाहेरची बाजू उबदार-दमट असते म्हणून तिथे बाहेरच्या बाजूला. उलटी लावली की वाफ इन्सुलेशनमध्ये शिरते, थंड थरापाशी पाणी होते आणि वरून काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना प्लास्टिक तर कधीच नाही. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर स्वतः ठरवू नका, इमारतीच्या ओलाव्याचं गणित येणाऱ्या माणसाला विचारा.

लोक नेहमी करतात त्या चुका:

- बोर्डांच्या मधे बोटभर फटी सोडणं. सांधे एकमेकांना भिडलेच पाहिजेत, दोन थर असतील तर वरच्याचे सांधे खालच्याच्या सांध्यावर येऊ द्यायचे नाहीत.
- १० सेंटिमीटरचं वूल ७ च्या जागेत कोंबणं. जाडी विकत घेतली आणि फुकट घालवली.
- फॉल्स सीलिंगलाच इन्सुलेशन समजणं. नुसत्या बोर्डाने फार फरक पडत नाही, वर थर टाकला तर पडतो.
- फोम उघडा ठेवणं. त्याच्यावर प्लास्टर किंवा आग सहन करणारा बोर्ड हवाच.

सावधान: वायरी इन्सुलेशनखाली पूर्ण गाडल्या तर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि त्या जास्त तापतात. गीझर-एसीच्या जाड वायरी आणि छतात बसवलेले दिवे कुठून जातात ते इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा, मगच थर टाका.

## ६. खिडक्या आणि सावली

नवीन डबल काच घेण्याआधी सावलीचा विचार करा, कारण ऊन काचेतून आत आलं की मग ते आतच. आतला पडदा ऊन अडवतो पण ती उष्णता खोलीतच राहते, बाहेरचा छज्जा, झडप किंवा चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) ती आत येऊच देत नाही. दुपारचं उंच ऊन आडव्या छज्ज्याने अडतं. सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरकं, खालून येतं, त्याला छज्जा काही करत नाही, म्हणून पूर्व-पश्चिम खिडक्यांना उभी झडप, बाहेरचा चिक किंवा वेल. पानगळीची वेल असेल तर हिवाळ्यात ऊन आपोआप मोकळं होतं.

काच घेताना दोन आकडे विचारा. एक यू-व्हॅल्यू, म्हणजे काच किती उष्णता जाऊ देते. एकेरी काचेचा साधारण ५.७, साध्या डबल काचेचा २.८ च्या आसपास, लो-ई थर (उष्णता परत फेकणारा अतिपातळ थर) आणि आर्गॉन वायू असलेल्याचा १.२ ते १.६. दुसरा आकडा उन्हाची किती उष्णता आत येते त्याचा. गरम ठिकाणी तो कमी हवा, थंड ठिकाणी ऊन येणाऱ्या बाजूला जास्त हवा. दुकानदार फक्त "डबल ग्लेझिंग आहे" म्हणतो, त्यावर समाधान मानू नका, आणि आकडा नुसत्या काचेचा आहे की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा तेही विचारा. साध्या अॅल्युमिनियमच्या चौकटीतून उष्णता सरळ वाहते, आत-बाहेरच्या भागात न वाहणारी पट्टी असलेली चौकट मागा.

जुनी लाकडी चौकट चांगली असेल तर सगळी खिडकी काढायची गरज नाही. आतून दुसरी काच बसवून खूप काम होतं.

## ७. हवा खेळती ठेवणं

घर घट्ट केलं की आतली वाफ, वास, स्वयंपाकाचा धूर सगळं आतच राहतं. म्हणून ४, ५, ६ नंतर हा टप्पा ऐच्छिक नाही. बाथरूमचा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट थेट बाहेर काढा. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेला एक्झॉस्ट मी इतक्या घरांत बघितलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. चेक करायला पंखा चालू करून जाळीवर टिश्यू पेपर धरा, चिकटून राहिला तर ओढतोय. मग बाहेर जाऊन बघा हवा खरंच निघतेय का.

आतली आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के असावी, छोटा मीटर स्वस्तात मिळतो. खूप थंड किंवा खूप गरम ठिकाणी बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता परत घेणारं व्हेंटिलेशन मशीन फायद्याचं ठरतं, पण त्याचे डक्ट छत बंद करायच्या आधीच टाकावे लागतात.

सावधान: घट्ट केलेल्या घरात आतली हवा वापरून जळणारा गॅस गीझर किंवा शेकोटी जीवघेणी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. असं उपकरण असेल तर ते आधी बदला किंवा त्याला लागणारी हवा बाहेरून येईल आणि धूर बाहेरच जाईल असं करा, आणि अलार्म लावाच.

## ८. भिंती बंद व्हायच्या आधी

इथे घाई होते कारण प्लास्टरवाला ताटकळत उभा असतो. तरी खालच्या गोष्टी आत्ताच, नंतर परत तोडायला लागेल:

गीझर आणि नळ यांच्यातलं अंतर कमी करा. २० मिलीमीटर आतल्या व्यासाच्या १० मीटर पाइपात ३ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे दर वेळी गरम पाणी यायच्या आधी तेवढं वाहून जातं आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात गार होत पडतं. गरम पाण्याच्या सगळ्या पाइपांना आवरण.

बेसिन, आंघोळ, वॉशिंग मशीनच्या पाण्याची लाइन संडासच्या लाइनपासून वेगळी टाका, आज वापरायची नसली तरी. हे पाणी बागेला किंवा फ्लशला वापरता येतं, फक्त २४ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही, सडतं. किचन सिंकचं पाणी यात घेऊ नका, तेलकटपणा सगळी लाइन चोंदवतो.

छतापासून मीटर बोर्डापर्यंत सोलरसाठी रिकामा पाइप. इंडक्शनसाठी किचनमध्ये वेगळं सर्किट. पावसाच्या पाण्याचा पाइप टाकीकडे, सुरुवातीचं घाण पाणी सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हसकट. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, त्यातला साधारण ८० टक्के हाती लागतो.

तपासा: पाइप दाबाखाली पाणी भरून काही तास ठेवा आणि दाब उतरतोय का बघा. मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसेल असे. पुढच्या वेळी खिळा मारताना हेच फोटो वाचवतात.

## ९. आता मशीनं

घराला किती गारवा-ऊब लागते ते आत्ता कळणार, म्हणून एसी किंवा हीटरचा आकार आत्ता काढायचा. जुन्या घरावर काढलेला टनाचा आकडा आता मोठा ठरतो. आणि मोठा एसी म्हणजे चांगला एसी असं नाही, तो खोली पटकन गार करून बंद पडतो, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग गार पण चिकट वाटतं. उष्णतेच्या भाराचा हिशोब लेखी मागा, "एवढ्या खोलीला एवढा टन" चालवून घेऊ नका.

एसीतला वायू पण विचारा. आर-४१०ए वायू हवेत सुटला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २,००० पट, आर-३२ चा ६७५ पट. जुना एसी काढताना वायू हवेत सोडून देतात आणि ते बेकायदा पण असू शकतं, तो सिलिंडरमध्ये परत भरून घ्यायला लावा.

पाणी तापवायला हीट पंप १ युनिट विजेत साधारण २.५ ते ३ युनिट उष्णता देतो कारण तो ती हवेतून घेतो, फक्त त्याला मोकळी जागा लागते, छोट्या बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःच गारठतो. साठवणीच्या टाकीत पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवा, त्यापेक्षा खूप कमी ठेवलं तर लीजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, साधा ७०-८० वर. दिवे वॅट बघून घेऊ नका, ल्युमेन (उजेडाचं माप) बघा, जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड म्हणजे ८०० ल्युमेन, एलईडीत ८ ते १० वॅट. नळांना एअरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी), फ्लशला ६ आणि ३ लिटरची दोन बटणं. चालू असलेला चार वर्षांचा फ्रीज मात्र फक्त नवा चांगला आहे म्हणून फेकू नका.

## १०. रंग, प्लायवूड, गोंद

"वॉटर बेस्ड" लिहिलं म्हणजे कमी व्हीओसी (रंगातून हवेत उडणारी रसायनं) असतंच असं नाही, डब्यावरचा ग्रॅम प्रति लिटरचा आकडा बघा. दुकानात मिसळलेल्या रंगद्रव्याने तो वाढू शकतो, गडद शेडला जास्त. लोक पेंट निवडून घेतात आणि गोंद, सीलंट, पॉलिश सुताराच्या मर्जीवर सोडतात, घरात महिनाभर डोळे चुरचुरतात ते त्यानेच. प्लायवूड-एमडीएफ कमी फॉर्मल्डिहाइडचं घ्या आणि कापलेल्या सगळ्या कडा, कपाटाच्या मागच्या न दिसणाऱ्या सुद्धा, सील करा, कारण वायू कडांतून जास्त निघतो. काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस जाऊ द्या, लगेच राहायला येऊ नका.

## ११. सोलर

आता खरी गरज माहीत आहे, तेव्हा लागेल तेवढंच सोलर लावा. छताचं वॉटरप्रूफिंग अजून २० वर्षं टिकेल का हा पहिला प्रश्न, कारण पॅनेलची वॉरंटी बहुतेक २५ वर्षांची असते. दुसरा, छताला वजन आणि वारा झेपतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगायचं, विक्रेत्याने नाही. तिसरा, सावली. हिवाळ्यात सूर्य खाली असताना सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता छतावर जाऊन फोटो काढा. टाकीची किंवा कठड्याची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्यांचं उत्पादन पण खाली येऊ शकतं. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. पॅनेल आणि छत यांच्यात हवा जायला जागा सोडा, पॅनेल तापलं की उत्पादन दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. छताला पाडलेलं प्रत्येक भोक स्वतः डोळ्यांनी बघून सील करून घ्या.

## १२. काम संपल्यावर

शेवटचा हप्ता देण्याआधी उदबत्ती, पाण्याचा मीटर, टिश्यू पेपर, रात्रीची वीज, सगळ्या टेस्ट परत करा आणि पहिल्या कागदाशी ताडून बघा. जमलं तर ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा बसवून घर किती हवा गळतंय ते मोजणं) करून घ्या आणि थर्मल कॅमेरा भाड्याने आणा, कॅमेऱ्यात इन्सुलेशनमधली राहिलेली फट लगेच वेगळ्या रंगात दिसते, मात्र आत-बाहेरच्या तापमानात बऱ्यापैकी फरक असेल तेव्हाच.

बिलं मागच्या महिन्याशी जुळवू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी जुळवा. पहिल्या पावसात आणि पहिल्या थंडीत कोपरे, कपाटांच्या मागची बाजू आणि खिडक्यांच्या कडा टॉर्च मारून बघा. काळे ठिपके दिसले तर पुसून वरून रंग मारू नका, टप्पा ३ मधली प्लास्टिक टेस्ट करा आणि पाणी भिंतीतून येतंय की खोलीतून ते आधी ठरवा.